हुडविंक: टोपी कुणाची, पापणी कुणाची

'हुडविंक' म्हणताना आपल्याकडे बहुतेक जण पहिलं अक्षर लांबवतात आणि 'हूडविंक' म्हणतात. इंग्रजीत ते ऱ्हस्व आहे, 'गुड'मधल्या उकारासारखं. जोर त्याच अक्षरावर, आणि भूतकाळी रूपाच्या शेवटी 'ड' नव्हे तर 'ट' ऐकू येतो: हुडविंक्ट. अर्थ एका शब्दात सांगायचा तर फसवणे. पण इंग्रजीला फसवणुकीच्या शब्दांची ददात कधीच नव्हती. चीट, डुप, कॉन, स्विंडल, ट्रिक, बॅम्बूझल असे ढीगभर शब्द हाताशी असताना हा चारशे वर्षं टिकून राहिला, कारण त्याचं काम वेगळं आहे. बाकीचे शब्द फसवणाऱ्याची करामत सांगतात. हा फसलेल्याच्या डोळ्यांचं काय झालं ते सांगतो.

हुड म्हणजे कुंची. तान्ह्या बाळाला थंडीत घालतात तिचीच मोठ्या माणसाची आवृत्ती: डोक्यावरून खांद्यापर्यंत उतरणारी, गळ्याशी बंद, चेहऱ्यापुरती उघडी. चौदाव्या-पंधराव्या शतकात इंग्लंडातला शेतकरी, व्यापारी, सरदार, सगळे ती घालत. मागे तिला लांब शेपूट असे आणि जितका माणूस ऐटबाज तितकं शेपूट लांब.

घोळ होतो तो 'विंक'पाशी. आज विंक म्हणजे डोळा मारणे. त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं की कोणीतरी लबाड माणूस कुंचीआडून डोळा मारतोय. चित्र छान आहे, पण चुकीचं. जुन्या इंग्रजीतल्या 'विंकियन'पासून सोळाव्या शतकापर्यंत विंक म्हणजे डोळे मिटणे, दोन्ही डोळे, आणि मिटलेलेच ठेवणे. दुपारच्या डुलकीला इंग्रज 'फॉर्टी विंक्स' म्हणतो, त्यात हा जुना अर्थ शिल्लक आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात, लोकांच्या अज्ञानाच्या काळाकडे देवाने 'विंक' केलं असं वाक्य आहे. देव तिथे कुणाला डोळा मारत नाही. तो कानाडोळा करतो. मराठीत यासाठी याहून नेमका वाक्प्रचार आहे: डोळ्यांवर कातडं ओढून घेणे. दिसत असूनही न बघणं, आणि तेही आपणहून.

हे दोन तुकडे जोडले की शब्दाची यंत्रणा उघडी पडते. टोपी दुसऱ्याच्या हाताने येते, पापणी आपली आपण मिटते. १५६० च्या दशकात हा शब्द छापील इंग्रजीत दिसू लागला तेव्हा त्याचा अर्थ शब्दशः एवढाच होता: डोळ्यांवर कापड ओढून किंवा बांधून माणसाला आंधळा करणे. फसवणे हा अर्थ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला.

या दोन अर्थांच्या मधला दुवा एका खेळात सापडतो. आपली आंधळी कोशिंबीर इंग्लंडात आज 'ब्लाइंड मॅन्स बफ' नावाने खेळतात. जुनं नाव 'हुडमॅन ब्लाइंड'. खेळण्याची रीत अशी: ज्याच्यावर राज्य, त्याची कुंची उलटी फिरवायची. तोंडाची फट मानेकडे जाते आणि पाठीकडचं कापड चेहऱ्यावर येतं. पट्टी शोधायला नको, गाठ मारायला नको, अंगावरच्या कपड्यानेच माणूस आंधळा. बाकीचे आपापल्या कुंच्या काढून त्यांना गाठी मारायचे आणि राज्य असलेल्याला त्या गाठींनी बडवायचे. आजच्या नावातला 'बफ' म्हणजे तोच तडाखा. एकंदरीत आपली कोशिंबीर बरीच सभ्य म्हणायची. पुढे पुरुषांच्या डोक्यावरून कुंची गेली, सपाट टोप्या आणि हॅट आल्या, आणि खेळात रुमाल शिरला. शब्दातली कुंची मात्र हलली नाही. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये बेनव्होलिओ 'स्कार्फने हुडविंक केलेला क्युपिड' नको म्हणतो. कुंचीचं काम स्कार्फ करतोय आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही, म्हणजे तोपर्यंत हुडविंकमधला हुड कानाला ऐकू येईनासा झाला होता.

'हॅम्लेट'मध्ये हा खेळ नावानिशी येतो. आईच्या दालनात हॅम्लेट तिला विचारतो की कोणत्या सैतानाने तुला हुडमॅन ब्लाइंडमध्ये असं फसवलं? पहिला नवरा कसा होता आणि दुसरा कसा आहे हे तिला दिसलं कसं नाही, हा त्याचा संताप. 'फसवलं'साठी तिथे वेगळं क्रियापद आहे, पण खेळ आणि फसवणूक एका वाक्यात शेजारी येऊन बसली आहेत. 'मॅकबेथ'मध्ये, १६०६ च्या आसपास, मॅकडफ माल्कमला सांगतो की राजा झाल्यावर तू तुझी चैन गुपचूप करू शकशील, जगाला हुडविंक करता येईल. इथे कापडाचा धागाही उरलेला नाही.

पण हुडविंक प्रत्यक्षात कसं चालतं हे बघायचं तर 'ऑल्ज वेल दॅट एंड्स वेल' उघडावं. त्या नाटकाची एरवी फारशी कुणाला आठवण होत नाही, पण पॅरोलिस नावाच्या बढाईखोर शिपायाची फजिती हा या शब्दाचा जवळजवळ पाठ्यपुस्तकी नमुना आहे. फ्लॉरेन्सच्या बाजूने लढणाऱ्या तुकडीतला एक ढोल शत्रूकडे गेलेला असतो. पॅरोलिस तो एकट्याने परत आणायच्या गमजा मारतो. प्रत्यक्षात तीनेक तास कुठेतरी काढावेत, अंगावर चार ओरखडे करून घ्यावेत आणि परत येऊन थापा माराव्यात, असा त्याचा बेत असतो. त्याचेच सोबती दबा धरून बसलेले असतात. ते त्याला पकडतात, डोळे बांधतात आणि सुरुवातीला एक शब्दही खोटा बोलत नाहीत. बोलतात ती निव्वळ बडबड: 'थ्रोका मोव्होउसुस, कार्गो, कार्गो, कार्गो'. कुठल्याच भाषेत तिला अर्थ नाही. पॅरोलिस स्वतःच ठरवून टाकतो की हे मस्कोसच्या पलटणीचे लोक असणार आणि आपली भाषा यांना कळत नसल्याने आपला जीव जाणार. मग एक जण दुभाष्याचं सोंग घेतो. पुढे एका प्रवेशात त्याला आणताना एक सरदार ओरडतो, 'हुडमॅन येतोय!', म्हणजे खेळ चालू आहे हे सगळ्यांना माहीत, एक तो सोडून. फ्लॉरेन्सच्या ड्यूकचे घोडेस्वार किती, असं विचारताच तो पाच-सहा हजार सांगतो आणि वर ते कमकुवत आहेत, विखुरलेले आहेत अशी पुरवणीही जोडतो. ज्यांच्याविषयी विचारलं त्या सोबत्यांची यथेच्छ निंदा करतो. आणि मग पट्टी काढतात.

या प्रसंगात कारागिरी किती थोडी आहे ते बघावं. बनावट कागद नाही, वेषांतर नाही, खोटा पुरावा नाही. नजर बंद केली, कानाला अर्थहीन आवाज दिला आणि मधली रिकामी जागा पॅरोलिसच्या भित्रेपणाने भरली. हुडविंक आणि कॉन यांत इथेच फरक पडतो. कॉन करणारा आधी विश्वास कमावतो, त्याला वेळ आणि गोड जीभ लागते. बॅम्बूझल करणारा इतकं काही समोर ओततो की डोकं गरगरतं. हुडविंक करणारा काही देतच नाही, फक्त झाकतो.

आता ससाण्याकडे वळायला हवं. कारण इंटरनेटवर या शब्दाची व्युत्पत्ती शोधली की दहांतल्या निदान काही ठिकाणी 'हा शब्द शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांवरच्या टोपीतून आला' असं ठामपणे लिहिलेलं सापडतं. दुसरी एक कथा चोरांची: ते मागून येऊन वाटसरूची कुंची डोळ्यांवर ओढत आणि थैली लांबवत. दोन्ही ऐकायला चांगल्या आहेत. पण शब्दाचे जुने दाखले माणसाचे डोळे बांधण्याचे आहेत, पक्ष्याचे नाहीत, आणि चोरही त्यांत खास कुठे दिसत नाही. शिवाय ससाणे पाळणाऱ्यांना हा शब्द लागतच नाही. त्यांचं क्रियापद नुसतं 'हुड' आहे. टोपी घालणे, संपलं. विंकचं तिथे काम नाही.

तरीही ती टोपी नीट बघण्यासारखी आहे, कारण झाकण्याचं शास्त्र तिच्याइतकं बारकाईने दुसरं कुणी रचलेलं नाही. युरोपात ती यायच्या आधी पद्धत फार क्रूर होती. पक्षी डोळे मिटतो तेव्हा बहुतेक जातींत खालची पापणी वर येते. नव्याने पकडलेल्या ससाण्याच्या खालच्या पापण्यांत सुईने दोरा ओवायचा, दोन्ही दोरे डोक्यावर आणून बांधायचे, म्हणजे पापण्या वर ओढलेल्या राहायच्या. पक्षी माणसाळत जाईल तसा दोरा दिवसागणिक सैल करायचा. याला 'सील' करणे म्हणत, लॅटिनमधल्या पापणीच्या शब्दावरून आलेलं. पत्राला लावायच्या सीलशी त्याचा संबंध नाही. मॅकबेथ रात्रीला हाक मारतो ती याच शब्दाने: ये, डोळे शिवणाऱ्या रात्री. 'ऑथेल्लो'त इयागो डेस्डिमोनाबद्दल म्हणतो की तिने बापाचे डोळे असेच घट्ट शिवून टाकले. म्हणजे पक्ष्यांच्या धंद्यातूनही फसवणुकीचं क्रियापद निघालं होतं. फक्त ते हुडविंक नव्हे, ते सील, आणि ते टिकलं नाही.

टोपी पूर्वेकडची. होहेनस्टाउफेन घराण्यातला सम्राट दुसरा फ्रेडरिक, मृत्यू १२५०, याने पक्ष्यांकरवी शिकार करण्याच्या कलेवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात टोपीचं श्रेय तो सरळ पूर्वेच्या लोकांना देतो, अरबांकडून आपण ती शिकलो असं सांगतो. हा माणूस १२२८-२९ मध्ये धर्मयुद्धावर जेरुसलेमला गेला आणि तहाच्या बोलण्यांनी काम उरकून परतला. येताना असली विद्याही बरोबर आणायची त्याची हौस दांडगी होती.

या टोप्यांचे घाट वेगवेगळे आहेत. डच टोपी तीन तुकड्यांची: मधला एक पट्टा आणि दोन बाजूंना डोळ्यांचे फुगीर पडदे, शिवून, ओली करून, लाकडी साच्यावर ताणून वाळवलेली. नेदरलँड्समधलं फाल्कनस्वार्ड गाव या धंद्याचं मोठं केंद्र होतं, आणि तिथल्या मोलेन घराण्याच्या टोप्या नावाजलेल्या होत्या. हिंदुस्थानी टोपी एकाच मऊ कातड्यातून कापलेली. इंग्रज अधिकाऱ्यांनी तिचा घाट उचलला, मागे युरोपीय पद्धतीच्या आवळायच्या वाद्या लावल्या आणि तिला 'अँग्लो-इंडियन हुड' म्हणू लागले. आजही जगभरचे पक्षीपाळ ती याच नावाने ओळखतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ससाणे, बहिरी, शिक्रे पकडणं-पाळणं बंद झालं, पण टोपीचं नाव परदेशात हिंदुस्थानी राहिलं.

टोपी बसवायची रीत ठरलेली आहे. पक्षी एका मुठीवर. दुसऱ्या हाताच्या चिमटीत टोपीचा तुरा. आधी हनुवटीची पट्टी चोचीखाली टेकवायची, मग एकाच सैल हालचालीत टोपी मागे कलंडवायची. घाई केली किंवा चोचीवर आपटली की बिघडलं. मागच्या वाद्या आवळायला एक हात कमी पडतो, म्हणून एका बाजूची वादी बोटांत आणि दुसऱ्या बाजूची दातांत धरून ओढतात. काढतानाही तसंच. पहिल्या दिवसांत हे सगळं अर्ध्या अंधारात करतात. नव्या पक्ष्याला 'रफ्टर' नावाची साधी, बिनतुऱ्याची, चोचीशी मोठी उघडी असलेली टोपी देतात, म्हणजे ती घालूनही त्याला खाता येतं.

बिघाड ठरलेल्या जागी होतात. डोळ्याचा पडदा पुरेसा फुगीर नसला की कातडं बुबुळाला घासतं, डोळ्यातून पाणी येतं, पुढे जखम होते. चोचीची भोकं अरुंद राहिली तर जबड्याचा कोपरा सोलतो, आणि त्याहून गंभीर म्हणजे न पचलेली पिसं-हाडं गोळी करून ओकण्याला अडथळा येतो, त्यात पक्षी गुदमरू शकतो. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते, म्हणून एका जातीलाही दोन मापं लागतात. आणि सर्वांत नेहमीचा दोष: चोचीच्या बाजूने प्रकाशाची चीर आत येणे. पूर्ण अंधारात ससाणा शांत बसतो. चिरेतून हलणाऱ्या सावल्या दिसल्या की तो टोपी पायाने ओरबाडतो, मान झटकतो, मुठीवरून झेपावतो. अर्धवट दिसणं त्याला न दिसण्यापेक्षा असह्य. आणि चुकीच्या हातांनी टोपी दोनचारदा घातली गेली की तो टोपीलाच बुजतो. अशा बुजलेल्या पक्ष्याला पुन्हा सवय लावणं हे नवा पक्षी शिकवण्यापेक्षा जिकिरीचं.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात नाही, ती म्हणजे फसवणूक. टोपीने ससाण्याला कुणी काही खोटं पटवत नाही, त्याला गर्दी, कुत्री आणि घोडे यांच्यापासून निवांत ठेवतात. म्हणूनही मला ती व्युत्पत्ती पटत नाही.

तसं पाहिलं तर प्राण्यांच्या बाजूने हुडविंकला जास्त जवळचा आपला घाण्याचा बैल. त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधतात, कारण उघड्या डोळ्यांनी गोल फिरताना तो बिचकतो, थांबतो. झापडांआड मात्र चालत राहतो. घोड्याच्या डोळ्यांच्या बाजूला लावायच्या झापडांना इंग्लंडात 'विंकर्स' असंही म्हणतात. पुन्हा तोच जुना विंक, डोळे बंद करण्याचा.

शब्दशः अर्थ जिथे जिवंत आहे अशी एक जागा अजून आहे: फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघटनेच्या लॉजमधला, म्हणजे शाखेतला, दीक्षाविधी. नव्या सभासदाच्या डोळ्यांवर बांधायच्या पट्टीचं नावच 'हुडविंक', नाम म्हणून. मुंबई-पुण्यातही त्यांची जुनी लॉज आहेत. तिथे उमेदवार आपण होऊन डोळे बांधून घेतो आणि ठरल्या क्षणी पट्टी सुटते, त्यामुळे वाईट अर्थ तिकडे फिरकलाच नाही. बाहेर नाम म्हणून 'अ हुडविंक' म्हटलं तर इंग्रजी वाचक थबकेल.

वापराबद्दल चार गोष्टी. हे क्रियापद सकर्मक आहे: कुणाला तरी हुडविंक करावंच लागतं, नुसतं 'तो हुडविंक करतो' चालत नाही. फसवून काही करायला लावलं तर पुढे 'इन्टू' येतं: सही करायला हुडविंक केलं. पैसे काढून घेतले हे सांगायचं तर मात्र 'हुडविंक्ड मनी' म्हणू नये, तिथे स्विंडल. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांचा हा लाडका शब्द आहे. सरकार जनतेला हुडविंक करतं, विरोधक मतदारांना, बिल्डर ग्राहकांना. कोर्टाच्या निकालांतही 'न्यायालयाला हुडविंक करण्याचा प्रयत्न' भेटतो, म्हणजे महत्त्वाची गोष्ट दडवून ठेवून आदेश मिळवणे, आणि तिथे तो अगदी नेमका बसतो. गुन्ह्याचं नाव म्हणून त्याला स्थान नाही. तिथे 'चीटिंग'च, पूर्वीचं कलम ४२०, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८. चारसोबीसचं तीनशे अठरा व्हायला बोलीत अजून बराच वेळ लागेल.

मराठीत आणताना पहिला मोह 'टोपी घालणे'चा होतो, आणि योगायोग इतका सुंदर की तो आवरणं कठीण. पण आपल्या टोपीत बहुधा पैसा असतो: पाचशे रुपयांना टोपी घातली. हुडविंकला रक्कम लागत नाही. 'शेंडी लावणे' खेळकर आहे, थट्टेच्या सुरातल्या वाक्याला चांगलं. 'गंडा घालणे' पुन्हा पैशाचं. 'डोळ्यांत धूळफेक' वर्तमानपत्री वाक्यांना सर्वांत जवळचं, मी बहुतेक वेळा तेच घेईन, जरी धूळ डोळ्यांना चुरचुरते आणि फसलेल्याला लगेच कळतं की काहीतरी झालं. कोर्टाच्या वाक्यात 'दिशाभूल' बरं. आणि 'डोळ्यांवर कातडं ओढणे' इथे वापरू नये. ते विंकचं भाषांतर आहे, हुडविंकचं नाही.

अलीकडे या शब्दाला एक विचित्र मान मिळाला. २०१७ मध्ये मारिआन नायगार्ड आणि तिच्या सहकाऱ्यांनी महाकाय सनफिश माशाची एक नवी जात नोंदवली, शास्त्रीय नाव मोला टेक्टा. टेक्टा म्हणजे लॅटिनमध्ये झाकलेली. रोजचं नाव 'हुडविंकर सनफिश'. त्वचेच्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत काहीतरी वेगळं आहे हे आधीच दिसलं होतं, पण अख्खा मासा २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चजवळ किनाऱ्याला लागला तेव्हा कुठे नजरेला पडला. दोन मीटरहून लांब वाढणारा हा मासा जवळजवळ तीन शतकं इतर मोलांत मिसळून शास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढे होता. २०१९ मध्ये तो कॅलिफोर्नियात सांता बार्बरा भागातल्या किनाऱ्यावर सापडला, जिथे ही जात असेल असं कुणी मानलंच नव्हतं, आणि आधी तिथल्या लोकांनी त्याला साधा सनफिश समजून फोटो काढले.